एकतीस अर्थांची वही

‘लाइन’ या एका इंग्रजी शब्दासाठी माझ्या व्याह्यांइतके कान मराठवाड्यात कुणी झिजवले नसतील. थोरल्या मुलीचे सासरे ते, राहतात लातूरला. एसटीत कंडक्टर होते आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी नांदेड–किनवट गाडीवर काढली. गाडीतली माणसं वीज, रांग, रेल्वेचा रूळ, धंदा आणि चोरटं प्रेम ही सगळी कामं एकाच शब्दात उरकतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी एक वही सुरू केली. वहीचे नियम दोन. अर्थ स्वतःच्या कानांनी ऐकलेला हवा. आणि पहिल्यांदा ऐकला की तो पेन्सिलीने लिहायचा. पहिल्याशी ओळख नसलेल्या दुसऱ्या माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकला, तरच शाईने गिरवायचा. प्रत्येक अर्थापुढे तो ‘कुठं चढला’ त्या थांब्याचं नाव. ‘लाइन गेली’, म्हणजे वीज गेली, हा हदगावला चढला. ‘वरपर्यंत लाइन हाय’, म्हणजे वशिला आहे, हा नांदेडलाच चढला, याचं कुणाला नवल वाटलं नाही.

आमच्या मुलांच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माझे चुलतभाऊ शेजारच्याला म्हणाले, “चला, पोरगी लाइनला लागली.” झालं! हा, मार्गी लागण्याचा, अर्थ वहीत किनवटला चढलेला आणि अजून पेन्सिलीतच होता. नवऱ्या मुलाचे वडील हातातल्या अक्षता खिशात टाकून गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आले.

“पाव्हणे, गाव कोन्तं?”

“हदगाव.”

“किनवटला कुणी वळखीचं?”

“न्हाई बा.”

“मग झालं पक्कं!” म्हणून त्यांनी पेन काढलं. सोयरीक तर तीन महिन्यांपूर्वी पक्की झाली होती, आता आणखी काय राहिलं होतं, या काळजीने आमच्याकडच्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. अक्षता खिशातच राहिल्या. पुढे धुण्यात निघाल्या, असं मुलीने सांगितलं.

मला बेरीज जुळल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांच्या मते अर्थ एकतीस. मी एका दिवाळीत वही घेऊन बसलो, तर तीसच भरले. म्हटलं, “वहीवरची रेघ आणि शेताच्या हद्दीची रेघ, दोन्ही रेघाच की.”

“इवाई, वहीची लाइन वलांडा, मास्तर वरडतो. हद्दीची वलांडा, कुऱ्हाड निघती. एक कसं म्हन्ता?”

मी एकतीस मान्य केले.

गेल्या वर्षी त्यांचे कान गेले. एकदम नाही, आधी फोनची घंटा गेली, मग सूनबाईची हाक, मग मागून येणारी स्कूटर. त्यांच्या मुलाने कानाचं मशीन आणलं, ते डबीतून बाहेर निघेना. मुलीचा फोन आला, “बाबा, मामंजींनी दोन महिने झाले वही उघडली नाही. बसस्टँडवर जाणं बंद केलंय. नुसते भिंतीकडं बघून राहिलेत. तुमचं तरी ऐकतील.”

मी सकाळच्या गाडीने लातूर गाठलं. मशीनच्या डबीकडे बोट दाखवताच ते म्हणाले, “मशीन ऐकतं, मी न्हाई. तिकीट एकाचं आन् गाडीत बसला दुसराच, आसं चालत न्हाई.” नियमाच्या माणसाशी भांडायचं तर नियमानेच. ओरडून उपयोग नव्हता, म्हणून मी चिठ्ठी लिहिली: ‘वही तुम्ही चष्म्यातून वाचता. मग वाचतं कोण, तुम्ही की चष्मा?’

त्यांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचली. चहा निवून गेला. मग त्यांनी डबी पुढे ओढली. मशीन कानात बसलं, तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि ते दचकून म्हणाले, “आरं बाप रे, रोज एवढा गोंधळ करता व्हय तुम्ही?” मुलगी दारात उभी राहून हसता हसता डोळे पुसत होती.

दुपारी त्यांनी वही उघडली. तीस अर्थ शाईत होते, एकच पेन्सिलीत. पुढे थांबा लिहिला होता, इस्लापूर. एका म्हातारीने तिकीट घेताना सांगितलं होतं, मागे कुणी राहिलं नाही, “आमची लाइन माझ्यापाशी सरली.”

“आता कान आलेत,” मी म्हणालो. “हाही होईल की पक्का. मग सगळे एकतीस शाईत.”

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “न्हाई इवाई. हे एक दुसऱ्यांदा कुणाच्या तोंडून न ऐकलेलंच बरं.”

एरवी मी हिशोब अर्धा ठेवू दिला नसता. त्या दिवशी ठेवू दिला. अक्षरं फार पुसट झाली होती. त्यांनी खिसा चाचपला, पेन बाजूला ठेवलं, आणि ती ओळ पुन्हा गिरवली, पेन्सिलीनेच.