सून सासूविरुद्ध

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अजूनही ओळीखाली बोट ठेवूनच वाचते. पिपरी मेघेत एका बाईंच्या घरी रविवारी ख्रिस्ती प्रार्थना असते, तिथे मी वर्षभर जात होते. तिथे नुसती गाणी म्हणतात असं सासूबाईंना वाटायचं, म्हणून त्या आडव्या आल्या नाहीत. मीही खुलासा केला नाही.

मग पुढच्या रविवारी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून अर्थ सांगायची पाळी माझ्यावर आली. चार बायांत बोलायची मला सवय नाही. म्हणून सैपाकघरात सराव करत होते. सासूबाई बाजूला तुरीची डाळ निवडत होत्या. एका ओळीवर माझं बोट अडलं. प्रभू म्हणतो, मी शांती नाही, तलवार घेऊन आलो. सून सासूच्या विरुद्ध उभी राहील.

"काऊन थांबली वं?"

"डोळे दुखून राह्यले."

"आतापर्यंत तं पोपटावानी चाललं होतं. वाच."

हे ऐकलं की माझे रविवार बंद, हे मला दिसत होतं. पण त्या पानावर बोट ठेवून खोटं बोलवेना. एका दमात वाचलं.

सासूबाई अशा हसल्या की सुपातली डाळ सांडली. "त्यासाठी देवाले कायले यायचं होतं? आपलं तं रोजच होते!"

मला हसू येईना. तेव्हा त्या म्हणाल्या, "म्या माळ घातली, मटण सोडलं, तं माह्या सासूनं माही चूल अंगणात मांडून देली. वर्षभर बोलली नाई. मले का भांडण पायजे होतं? तिचे पाय मी रोज दाबत होती. पण माळ नाई काढली."

"मग तलवार कोणाची, आई?"

"सासूची! तुह्या देवानं आधीच सांगून ठेवलं, असं होईन म्हणून."

तोवर मला वाटत होतं, देव मला भांडायला सांगतो आहे. तो तर सांगत होता की घरचे रुसले तरी धरलेलं सोडू नको.

"मग रविवारी जाऊ?"

"मले आवडत नाई, सांगून ठेवते. भाजी करून जाजो."

रविवारी मान खाली घालून मी हाच अर्थ सांगितला. बाया हसल्या, एकीने डोळे पुसले. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई चिडल्या.

"माह्या सासूले बदनाम केलं? पुढच्या रविवारी हे बी सांगजो, शेवटी शेवटी तिले माह्याच हातचं वरण लागे."