परकरांचं खोकं

कुठं पूर आला की आमच्या कर्वेनगरातली कपाटं रिकामी होतात. त्या आठवड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये गाठोड्यांचे ढीग लागले, ते पाहून माझी खात्रीच पटली, की निम्म्या लोकांनी पूरग्रस्तांच्या निमित्तानं दिवाळीची साफसफाई उरकून घेतली आहे. एकानं जरीची शेरवानी दिली होती. कुणी फक्त डाव्या पायाची सँडल. बाकी नुसत्या साड्या. मी दिवसभर फरशीवर बसून कपडे निवडायची आणि चिडचिड करायची.

पूरग्रस्त गावांशी फोनवर बोलायचं कामही माझ्याकडेच होतं. नदीकाठच्या एका गावातल्या बाया शाळेत आसऱ्याला आल्या होत्या आणि तिथली अंगणवाडी सेविका मला रोज फोन करायची. एक दिवस ती म्हणाली, "ताई, साड्या लई झाल्या. परकर पाठवा. नेसत्या परकरावर बाहेर पडल्यात बाया, त्यो वाळतच न्हाय. मांड्या सोलून निघाल्यात. एक ओली बाळंतीण हाय."

तिचं म्हणणं खरंच होतं. जुनी साडी आपल्याकडे कुणीही कुणाला देतं. नेसलेला परकर कुणी देत नाही, आणि देऊही नये. त्यामुळे हॉलमध्ये साड्यांचा डोंगर होता आणि परकर एकही नव्हता. शेजारणीला घेऊन मी रविवार पेठेत गेले आणि घाऊक दुकानातून नवेकोरे सुती परकर घेतले, नाड्या ओवलेले. मोठं खोकं गच्च भरलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मी बऱ्या मनानं घरी गेले.

खोक्यांवर आत काय आहे ते लिहायचं काम सोसायटीतल्या एका निवृत्त काकांकडे होतं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. ट्रक गेल्यावर मी त्यांना सहज विचारलं, परकरांच्या खोक्यावर ठळक लिहिलंत ना?

"अहो, असं उघड काय लिहायचं?" काका म्हणाले. "उचलणारी सगळी पुरुषमंडळी. मी 'इतर' लिहिलंय."

मी कपाळाला हात लावला. माणूस सज्जन, त्यांना काय बोलणार? तो शब्द त्यांनी जन्मात बायकोसमोरसुद्धा उच्चारला नसेल.

ट्रकमधला माल आधी तालुक्याच्या गोदामात उतरायचा आणि तिथून गावोगाव वाटला जायचा. गोदामातल्या माणसाला मी फोनवर गाठलं. तो वैतागलेला होता, पण बोलला ते खोटं नव्हतं. "मॅडम, 'इतर' म्हंजे कचरा असतोय सगळा. फुटकी खेळणी, फाटके बूट. एक अख्खी खोली भरलीया. त्यात तुमचं खोकं कुठं हुडकू? माझी माणसं पाणी वाटत्यात." आमच्या हॉलमधून काय काय गेलं होतं ते मला ठाऊक होतं, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येईना. तरी मी रोज फोन लावत राहिले. पुढेपुढे तो उचलेनासा झाला.

पुन्हा परकर घेतले असते, पण न्यायचे कशातून? दुसरा ट्रक ठरलाच नाही. मदतीला आलेली मंडळी आपापल्या कामाला लागली, आणि हॉल एका वाढदिवसाला दिला गेला. माझा नुसता संताप व्हायचा आणि करता काहीच येत नव्हतं.

सेविकेचे फोनही थांबले, म्हणून शेवटी मीच केला. बाळंतिणीला ताप भरला होता, तिला सरकारी दवाखान्यात हलवलं होतं. पोर आजीजवळ होतं. बाकीच्या बायांनी साड्या फाडून कमरेला गुंडाळल्या होत्या. मी म्हटलं, परकर पाठवलेत हो, अगदी खरं सांगते, पाठवलेत.

"आसतील," ती शांतपणे म्हणाली. "आधी बाया रोज इचारायच्या, पुण्याचा ट्रक कवा येनार म्हनून. आता न्हाय इचारत."