दुपारची कडी

मार खाऊन निघालेली बाई तुमच्या दाराशी आली, तर तिला कडी वाजवावी लागेल का? खरं सांगा.

बंगळुरात, मल्लेश्वरमच्या मागच्या गल्लीत शिवलीलाक्कांनी दिवसा दाराला कधी कडी लावली नाही. अशा बायका सरळ आत, स्टोव्हपाशी येऊन बसायच्या. पोटच्या आसावरीच्या आधी अक्का त्यांना वाढायच्या. म्हणायच्या, “आधी जेव, मग रड.”

शहाण्णव साली अक्का गेल्या. चोरांच्या भीतीनं त्यांचे यजमान बसवंतअण्णा आतून कडी लावू लागले. तेव्हापासून रोज दुपारी बाहेरची कडी एकदाच, हळूच वाजायची. उघडावं तर कुणी नाही.

“आईच असेल, अप्पा. तिला आत यायचंय,” आसावरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अण्णा दाराला टेकूनच बसले. कडी वाजताच त्यांनी दार उघडलं, तर सुजलेल्या तोंडाची एक तरणी बाई लगबगीनं परत निघाली होती.

“अगं, थांब की!”

“अक्का होत्या तेव्हा वाजवावं लागत नव्हतं हो,” म्हणत ती कोपऱ्यावरून वळली. पुन्हा कुणाला दिसली नाही.

अण्णांनी आतली कडी उखडून फेकली. तरी दुपार झाली की बाहेरची कडी त्यांना ऐकू येतेच.

तुमच्याकडे वाजली, तर ती दुसऱ्यांदा वाजायची वाट पाहू नका.