मेजरबाईंनी नापास केलेलं पिस्तूल

आमच्या वन्सं पौडच्या दुकानात टॉर्च घ्यायला गेल्या, की आधी तो हातातून खाली सोडून देत. चुकून नव्हे, मुद्दाम. छातीच्या उंचीवरून थेट फरशीवर. मग उचलून बटण दाबत, आणि पेटला तर पुन्हा सोडत. दुकानदार कपाळावर हात मारून घ्यायचा. "मेजरबाई, आदी पैसं तरी द्या, मग काय आपटायचं ते आपटा!" वन्सं शांतपणे म्हणत, "फुटला तर तुझा, टिकला तर माझा. आमचं अण्णा बांधावरनं घसरलं तर टॉर्च काय हवेत ऱ्हाणार हाय व्हय?"  एकदा तर वन्संनी चार टॉर्च नापास केले आणि पाचवा घेऊन निघाल्या. तेव्हापासून त्या दिसल्या, की तो महागाचा माल मागच्या फळीवर सरकवायचा.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आणि अण्णा म्हणजे त्यांचे वडील, माझे सासरे. कोळवण खोऱ्यातल्या भातशेतीच्या घरातून निघून त्या लष्करात अधिकारी झाल्या. शस्त्रं आणि दारूगोळा सांभाळणाऱ्या खात्यात होत्या. पुढं लेफ्टनंट कर्नल झाल्या, तरी गावाच्या तोंडी एकदा 'मेजरबाई' बसलं ते बसलंच. अंगानं बारीक, आवाज मात्र खाचराच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा. मी भोरकडची. लग्न होऊन आले तेव्हा अशा नणंदेला बिचकूनच होते. पण सुट्टीवर आल्या की त्या साडी खोचून माझ्यासंगं लावणीला उतरायच्या आणि माझ्यापेक्षा सरळ ओळ लावायच्या.

'चालेल' हा शब्द त्यांना अजिबात खपत नसे. आमच्या ह्यांनी एकदा जुना पॉवर टिलर आणला आणि म्हणाले, "चालंल की अजून दोन वर्सं." वन्सं तिथंच उखडल्या. "चालंल म्हंजे काय? चालतोय का न्हाई, येवढं सांग. चालंल हे विकणारा म्हनतो." टिलर चिखलात घालून त्यांनी सकाळभर फिरवला आणि दुपारी ज्याचा त्याला परत पाठवला. ह्यांचं तोंड पडलं होतं. मला हसू आवरेना.

हा कडवेपणा कुठून आला, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. एका वर्षी त्या लावणीला आल्या होत्या, पण गप्प गप्प होत्या. एका नव्या पिस्तुलाची चाचणी घेणाऱ्या पथकात त्यांना नेमलं होतं आणि तिथं सगळे हो म्हणत असताना त्या एकट्या अडल्या होत्या, एवढंच घरात माहीत होतं. दुपारी बांधावर भाकरी खायला बसलो तेव्हा मी विचारलं, "वन्सं, सगळे जण हो म्हणत होते, तर तुम्ही एकट्या का अडून बसलात?"

त्यांनी भाकरी खाली ठेवली. "शैला, तुला बलबीर सांगितला न्हाई मी कधी," त्या म्हणाल्या.

बलबीर त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर, गढवालकडचा. वन्सं तेव्हा नव्यानं कॅप्टन झालेल्या. डोंगरातल्या रस्त्यानं दारूगोळ्याच्या गाड्या घेऊन जाताना पुढच्या वळणावर गोळीबार झाला. वन्संच्या उजव्या हाताला काचा लागल्या. एक माणूस उतारावरून सरळ त्यांच्या गाडीकडे येत होता. त्यांनी पिस्तूल झाडलं. गोळी हुकली. दुसरी सुटलीच नाही. पहिल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर न पडता मधेच अडकली होती. ती काढायला दोन धड हात हवेत, आणि त्यांचा एक हात रक्तानं निसरडा झालेला. डाव्या हातानं त्या झगडत होत्या, तेवढ्यात बलबीरनं त्यांना चाकामागं ओढलं आणि स्वतः पुढं झाला. गोळी त्याला लागली.

"सकाळीच साफ केलं होतं मी ते पिस्तूल," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यातली कोळवणची बोली आता गेली होती. "माझ्या हातानं. तेल दिलं होतं. रस्त्याची धूळ गेली आत. एवढीच धूळ." त्यांनी चिमूट दाखवली. "मी पुंगळी काढली तोवर मागची माणसं पोचली होती. चालून आलेला पळाला. बलबीर मात्र माझ्या मांडीवर गेला."

 मग त्या आपण होऊन चाचणीचं सांगू लागल्या. कुठलं पिस्तूल, कुणाचं, कुठल्या वाळवंटात, हे त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

ते नवं पिस्तूल दिसायला देखणं होतं. हलकं, हातात चपखल बसणारं. निशाण्यावर गोळ्या एकीशेजारी एक जात होत्या. पथकातले सगळे खूष. वन्संनाही आवडलं होतं, हे त्या मोकळेपणानं सांगायच्या. पाण्यातून काढलं तरी चाललं, खाली टाकून उचललं तरी चाललं. मग त्यांनी ते बारीक धुळीत ठेवायला लावलं आणि नंतर प्रत्येकाला डाव्या, एकाच हातानं झाडायला सांगितलं. तिथं पुंगळ्या अडकू लागल्या. दरवेळी नाही, अधूनमधून. बाजूला दुसऱ्या बनावटीचं एक पिस्तूल होतं, जड आणि ओबडधोबड. ते त्याच धुळीत मुकाट चालत होतं, पण ते कुणाच्या मनात भरत नव्हतं.

पथकाचे प्रमुख वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "तिकडं आपली माणसं झिजलेली जुनी पिस्तुलं कमरेला लावून फिरतायत. तुम्ही हे अडवलंत तर त्यांना आणखी कितीतरी महिने तीच वापरावी लागतील. अधूनमधून अडकणारं नवं परवडलं, की रोज अडकणारं जुनं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, साहेब, जुन्यावर कुणाचा भरवसा नाही, म्हणून माणूस सावध राहतो. नव्यावर तो डोळे झाकून भरवसा ठेवील. आपण पास केलंय म्हणून ठेवील. आणि एक दिवस ते अडकेल. मी हो म्हणणार नाही."

साहेबांनी समजावलं, मग आवाज चढवला. सगळ्यांचं एकमत झालं तर काम पुढं सरकेल, एकट्या माणसासाठी एवढी मोठी गोष्ट खोळंबते, असंही सुनावलं. शेवटी वन्सं म्हणाल्या, "ठीक आहे. धुळीत ठेवलेली दहा पिस्तुलं आणा. तुम्ही एक उचला, डाव्या हातात धरा आणि समोरून एक माणूस तुमच्यावर चालून येतोय असं समजा. मग मला हो म्हणायला सांगा." साहेब उठून तंबूच्या बाहेर गेले. एकमत झालं नाही आणि पिस्तूल नापास झालं.

वर्षभरानं बनवणाऱ्यांनी ते सुधारून पुन्हा आणलं. आतली पुंगळी ओढणारी कळ बदलली होती, फटी मोकळ्या केल्या होत्या. त्या वेळी पथक वेगळं होतं, वन्संना बोलावलं नव्हतं. धुळीत, डाव्या हातानं झाडायची चाचणी मात्र ठेवली होती. या खेपेस ते एकदाही अडकलं नाही आणि पास झालं. पथकातल्या एका मैत्रिणीनं हे फोनवर कळवलं, तेव्हा वन्सं आमच्याच ओटीवर तांदूळ निवडत होत्या. फोन ठेवून त्यांनी सूप बाजूला सारलं आणि ओंजळीत तोंड लपवून रडल्या. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

त्यानंतर कर्नलपदाची निवड झाली. वन्संचं नाव त्यात नव्हतं. बरोबरीचे पुढं गेले, हाताखालचेही पुढं जाणार हे दिसत होतं. कारण असं कुणी सांगत नाही. बदली मात्र लगेच झाली, दूर ईशान्येकडच्या दारूगोळ्याच्या एका कोठारावर.

निघण्याआधी त्या चार दिवस घरी आल्या. आमच्या ह्यांना राहवेना. "ताई, सोडून दे आता. मान गावच्या कंपन्यांत तुझ्यासारख्यांना लगेच घेत्यात, सिक्युरिटीचं मोठं पद. घरनं जाऊन-येऊन करशील. ज्यांनी तुझी कदर केली न्हाई त्यांच्यासाटी तितं कशाला कुजायचं?"

"कदरीसाठी न्हाई म्हटलं नव्हतं मी," वन्सं म्हणाल्या. "आणि मी घरी बसले, तर पुढच्या खेपेला न्हाई म्हणणाऱ्याला काय सांगतील? ती बाई अडली होती, बघा, गेली घरी. तेवढं मी त्यांना मिळू देणार न्हाई."

सासरे, अण्णा, खांबाला टेकून ऐकत होते. लेकीच्या नोकरीबद्दल ते कधी चांगलं-वाईट बोलले नव्हते. गावात कुणी विचारलं तर "हाय तिकडं" एवढंच म्हणत.  निघायच्या सकाळी मात्र धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून जीपमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

पौडच्या स्टँडवर तात्या भेटला. शहरातल्या लोकांना आमच्या खोऱ्यातल्या जमिनी दाखवत फिरणारा हा माणूस, कुणाच्या घरात काय शिजतंय ते त्याला पहिल्यांदा कळतं. एसटी लागली होती. आजूबाजूला ओळखीची माणसं होती. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तात्यानं विचारलं, "काय मेजरबाई, ऐकलं ते खरं का? साहेबाच्या इरोदात गेलात आन् वरचं पद हुकलं म्हनं?"

वन्सं बॅग उचलायला वाकल्या होत्या. त्या वर बघायच्या आत अण्णा पुढं झाले.

"व्हय, खरं हाय," अण्णा म्हणाले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "अडकणारं पिस्तूल हिनं पोरांच्या हातात जाऊ दिलं न्हाई. समदे व्हय म्हनत व्हते, ही न्हाई म्हनली. त्यापायी पद गेलं. आजून काय इचारायचं हाय का तुला? हितंच इचार, समद्यांम्होरं."

तात्या हसल्यासारखं करून म्हणाला, "आवं अण्णा, मी आपलं सहज..."

"सहज न्हाई. नीट ऐक, आन् ज्याला ज्याला सांगशील त्याला नीट सांग."

 वन्सं बापाकडे बघत उभ्या राहिल्या. कंडक्टरनं घंटी दिली तशा त्या भानावर आल्या, अण्णांच्या पाया पडल्या आणि गाडीत चढल्या. खिडकीतून बाहेर वाकून त्यांनी खणखणीत आवाजात हाक मारली, "तात्या, पुढच्या सुट्टीला येईन तवा परत इचारा. तवाबी मी न्हाईच म्हनल्याली असंन!"

गाडी पुण्याच्या वाटेला लागली. ह्यांनी अण्णांच्या दंडाला धरून म्हटलं, "चला, जीप हुबी हाय." अण्णांनी हात सोडवून घेतला. वळणावर एसटी दिसेनाशी झाली तरी ते तात्याच्या समोर, त्याच्याकडे बघत, ताठ उभे होते.