कावळ्याचं पान आणि पांढऱ्या टोपीतली बाई

बाबांच्या श्राद्धाच्या दिवशी मी माझ्या आईला एका भुताच्या ताब्यात देऊन पळून आलो. वेळ सकाळी साडेदहाची होती. (भुतं फक्त रात्रीच भेटतात असं सांगणाऱ्यांनी न्यू जर्सीतलं धुकं पाहिलेलं नाही.)

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि साताऱ्याचं घर बंद करून आई आमच्याकडे पिस्कॅटवेला आली होती. पितृपक्षातली त्यांची तिथी शनिवारी आली. आईनं पहाटेपासून खपून खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी असा साग्रसंगीत स्वयंपाक केला आणि कावळ्याचं पान मागच्या डेकवर ठेवलं. आधी खार आली. मग एक निळा पक्षी आला. आईनं दोघांनाही टाळ्या वाजवून हाकललं. कावळा काही येईना, आणि कावळा पानाला शिवल्याशिवाय आई अन्नाला शिवणार नव्हती. तिला डायबेटिस आहे, त्यामुळे माझा जीव टांगणीला. तिची काळजी मात्र वेगळीच होती.

"रागावलेत ते," ती म्हणाली. "घराला कुलूप लावून आले ना मी."

मी घाईघाईनं गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववा, चालतं.

"शास्त्राला चालतं," आई म्हणाली. "यांना नाही चालायचं."

तेवढ्यात माझी बारा वर्षांची मुलगी रिया म्हणाली, "आजी, देअर आर सो मेनी क्रोज इन द ओल्ड सिमेट्री."

"आई, दफनभूमीत श्राद्धाचं पान न्यायचं? लोक काय म्हणतील?"

"तिथले लोक काही म्हणायच्या पलीकडे गेलेत. गाडी काढ."

अमेरिका हा देश व्हायच्या आधीपासूनची ती दफनभूमी. लाल दगड एकमेकांकडे कललेले, प्रत्येकावर पंख फुटलेली कवटी कोरलेली. नावं झिजून गेलेली. एका दगडावर तर 'वाइफ ऑफ' एवढंच शिल्लक होतं, कुणाची ते नाही! धुकं इतकं, की रियाचा हात धरलेला असूनही रिया अर्धीच दिसत होती. ओकच्या फांद्यांवर पन्नासेक कावळे बसलेले, आणि एकही ओरडत नव्हता. साताऱ्याचा कावळा असा गप्प बसला तर लोक त्याची दृष्ट काढतील.

आईनं दगडी कुंपणावर पान मांडलं. खारी येऊ नयेत म्हणून मी माझा पिवळाधमक रेनकोट घालून पानाशेजारी हात पसरून उभा राहिलो. आईनं वर बघून हात जोडले.

"अहो, या. पान वाढलंय."

कावळे ढिम्म.

"काहीतरी कबूल कर," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्यांचा जीव कशात तरी अडकलाय."

"बाबा, साताऱ्याचं घर विकणार नाही," मी म्हणालो. काही नाही. "बाबा, आईला दरवर्षी तिकडे घेऊन जाईन." एका कावळ्यानं मान वाकडी केली. "बाबा, कोलेस्टेरॉल चेक करीन." त्यानं आमच्याकडे पाठ फिरवली.

आईचा आवाज कापला. "अहो, इतका राग? एकटी काय करणार होते मी त्या घरात? येताय ना?"

मला एकदम भरून आलं. मी काही बोलणार, इतक्यात 'वाइफ ऑफ' दगडामागून एक थकलेला आवाज आला.

"ही विल नॉट कम. आय हॅव वेटेड सो लाँग."

आणि दगडामागून एक बाई उठली. पांढरी टोपी, करडा झगा, खांद्यावर शाल, हातात झाकलेली टोपली. चेहरा धुक्याच्याच रंगाचा. तिनं माझ्याकडे हात केला.

यापुढचं मला आठवतं ते थेट गाडीतलं. दारं लॉक, एसी फुल, तोंडात रामरक्षा. मी अगदी समजूतदारपणे विचार केला, की घरातलं कुणीतरी एक वाचलं पाहिजे. मग फोन वाजला.

"डॅड, यू लेफ्ट आजी." रियाचा आवाज अगदी शांत होता. "अँड मी. कम बॅक, आजी वॉन्ट्स द सेकंड डबा फ्रॉम द कार."

मी दबकत परत गेलो. कुंपणावर आई आणि भूत शेजारी शेजारी बसली होती. भुताचं नाव मार्था. त्या गावच्या इतिहासप्रेमी मंडळाच्या काकू निघाल्या. दुपारी लोकांना दफनभूमी दाखवायची म्हणून त्या आपल्याच खापरपणजीच्याही आधीच्या कुणा पूर्वज बाईचा वेष करून तिची वाक्यं घोकत होत्या. रिया दुभाषी झाली होती. त्या पूर्वज बाईचा नवरा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत गाढव शोधायला म्हणून गेला तो आलाच नाही. बाई मरेपर्यंत दर हिवाळ्याआधी याच कुंपणावर त्याच्यासाठी मक्याची भाकरी ठेवत राहिली.

"आणि खायचं कोण?" आईनं विचारलं.

"क्रोज," मार्थाकाकू म्हणाल्या. ते भाषांतर न करता आईला कळलं. तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

मग माझं लक्ष पानाकडे गेलं. पान जवळजवळ लख्ख! चार कावळे उरलेल्या खिरीवरून भांडत होते, अगदी साताऱ्यासारखं कोकलत.

"मार्था सेज यू वेअर द स्केअरक्रो, डॅड," रिया म्हणाली. "यू रॅन, दे केम."

"ती काहीही म्हणू दे," आई वडा तोंडात टाकत म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा ती हसत होती. "मला कळलं यांचं काय अडलं होतं ते. रागबिग काही नाही. अरे, चौतीस वर्षं पी.टी.चे मास्तर होते. गावभरच्या पोरांना पळवलं, घरचं पोर तेवढं कधी पळालं नाही. आज पळालास, आणि मुकाट्यानं येऊन जेवले बघ."

आता दर पितृपक्षात आई पान वाढते आणि मला म्हणते, "बूट घाल."