बर्फातला गुंडाचा खडक

इस्लामपूरजवळच्या लालासाहेबांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून पदक मिळवलं होतं. पण युद्ध संपलं आणि गावात नाव झालं ते त्यांच्या धाकट्या भावाचं, गुंडाचं. गुंडा जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकायचा. जहाज पार दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात गेलं, तिथं नकाशे काढणारा साहेब पाण्यात पडला आणि गुंडानं उडी मारून त्याला वर काढलं. साहेबानं शिफारस केली, तिकडच्या जागांना नावं देणाऱ्या लंडनच्या समितीनं ती मान्य केली आणि तिथल्या एका खडकाला गुंडाचं नाव लागलं.

पारावर सत्कार झाला, तेव्हा लालासाहेब हार घालायला उठलेच नाहीत. घरी जेवताना म्हणाले, "जिथं कावळाबी बसत न्हाई, त्या दगडाचं कसलं कौतिक?"

"मी तुजंच नाव सुचवलं हुतं, दादा," गुंडा म्हणाला. "पण ज्यानं तिथं पाऊल ठिवलं न्हाई, अशा घरच्या माणसाचं नाव समितीला चालत न्हाई."

लालासाहेबांच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला. आता भावाला मनासारखं वाईटही म्हणता येईना. ताट सरकवून ते उठले आणि उसाची लागण संपेपर्यंत मळ्यातल्या खोपीतच राहिले.