कपाटामागची गाठ

निवृत्त झाल्यावर घरात फार लुडबुड करतो म्हणून बायकोने मला कोथरूडमधल्या एका संस्थेत पिटाळलं. तिथे अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. मी गेलो वाचायला आणि सहा महिन्यांत तिथला स्वयंघोषित हेडमास्तर झालो. आतल्या खोलीत रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर, बाहेर दुसरा. आतलं वायरवरून बाहेर आणायचं आणि मग पेनड्राइव्हवर मुलांना द्यायचं. आतल्या कॉम्प्युटरला थेट पेनड्राइव्ह लावता येत नसे, कारण एकदा व्हायरसने चार पुस्तकं गिळल्यावर मी त्याची पेनड्राइव्हची सगळी भोकं लांबी भरून बुजवून टाकली होती. लोक हसले. हसोत बापडे.

वाचताना चुकलं की आमची पद्धत ठरलेली. खाकरायचं आणि तेच वाक्य पुन्हा वाचायचं. नंतर रेकॉर्डिंग कापून नीट करणाऱ्याला खाकरणं ऐकू आलं की चूक सापडते. कापूनही दोन-चार राहतातच.

त्या दुपारी एक मुलगी बँकेच्या परीक्षेचं पुस्तक घ्यायला आली. जन्मापासून दिसत नाही, आमच्याकडची जुनी विद्यार्थिनी. परीक्षा दहा दिवसांवर होती आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. साडेचारला स्वारगेटहून तिची एसटी. गावात रेंज नसल्यातच जमा, त्यामुळे नंतर पाठवतो म्हणायची सोय नाही. पुस्तक मी आदल्याच दिवशी वाचून संपवलं होतं, ते न कापता तसंच द्यायचं ठरलं. एरवी वीस-पंचवीस मिनिटांचं काम. कॉपीला लावलं तर पडद्यावर आलं, चार तास बाकी. घड्याळात दोन वाजून गेले होते.

मी अँटिव्हायरस बंद केला. दोन्ही कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केले. चार तास दहा मिनिटं. मग मी कॉम्प्युटर बनवणाऱ्यांचा उद्धार केला, हल्लीच्या वस्तूंचा केला, आणि कोणी उरलं नाही तेव्हा थांबलो. पोरीचं वर्ष नव्हे, सगळंच बुडणार होतं.

ती खुर्चीत बसून ऐकत होती. “काका, छोटी फाइल तरी पटकन जाते का?”

“तीही रखडतेय.”

“म्हणजे फाइलचा दोष नाही. परवापरवापर्यंत नीट चालत होतं ना? मधे काही बदललंत का?”

“छे, काही नाही,” मी म्हणालो, आणि खाकरलो.

बदललं होतं. आठवड्यापूर्वी मी टेबल खिडकीकडे सरकवलं, तर वायर हातभर कमी पडली. मग दारावरच्या बेलची जोडतात तशी मी ती एका जुन्या तुकड्याला पीळ देऊन जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. चाललं, म्हणून स्वतःवर खूशही होतो. आता मनात पाल चुकचुकत होती, पण कबूल कोण करतो.

ती उठली. “वायर कुठून जाते?” कॉम्प्युटरच्या मागे हात लावून तिने वायर चिमटीत धरली आणि भिंतीच्या कडेकडेने निघाली. कपाटापाशी थांबली, मागे हात घातला. “काका, इथे गाठ आहे.”

“जोडली असेल कोणीतरी,” मी म्हणालो. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

“दुसरी वायर आहे का?”

होती ना. त्याच कपाटात, वरच्या फळीवर, कोरी करकरीत, हवी तेवढी लांब. पुढे लागेल म्हणून तीन वर्षं पाकिटासकट जपून ठेवलेली. तुकडे जोडत बसलो, पण ती काढायला जीव होत नव्हता. पाकीट फोडल्याचा आवाज तिने ऐकला.

“नवी आहे?”

“हो.”

“मग ही कधी वापरणार होतात?”

मी वायर बदलली, कॉपी पुन्हा लावली. बावीस मिनिटांत पुस्तक बाहेर आलं. तिला स्कूटरवर मागे बसवून स्वारगेटला नेलं आणि एसटीत जागा मिळेपर्यंत थांबलो.

चार महिन्यांनी तिचा फोन आला. “काका, यादीत नाव आलं.” इतका आनंद मला माझ्या प्रमोशनचाही झाला नव्हता. त्या भरात मी सांगून टाकलं, “अगं, ती गाठ माझीच होती.”

“माहितीये,” ती म्हणाली. “काही बदललं नाही म्हणालात आणि खाकरलात. तुमची सात पुस्तकं ऐकलीत मी. तुम्ही खाकरलात की तेच वाक्य पुन्हा बरोबर येतं. मी वाट बघत होते. चार महिने लागले, एवढंच.”